बोट उचलल्यावर

कौतिक धांडे ग्राइंडर घेऊन आला त्या दुपारी
फैजपुरात पंचेचाळीस होतं,
टेबलावरची पक्कड हाताला चावत होती.
म्हणाला, "बाई, खटका दाबला त दबत नई,
दबला त वर येत नई.
तेल टाकलं म्या. तरी असंच करते."

कोणतं तेल, मी विचारलं.
डॉक्टरसमोर सांगतात तसं सांगितलं त्यानं,
थोडं थोडं, आधी कमी करून.
गोडं तेल, दोन थेंब.
बरं, चमचाभर.
मग मोटरसायकलचं जळकं ऑइल.
मग परवा, रागानं,
टाकीतून नळीनं ओढलेलं पेट्रोल.

पिन आधीच काढलेली होती, तरी वायर
मी गळ्यात घातली.
भुसावळच्या आयटीआयत वायरमनला आम्ही दोघीच होतो,
तिथली सवय.
म्हणजे मागून कोणी लावून देत नाही.
(दुसरी लग्न होऊन सुरतेला गेली.
ती घालते का, माहीत नाही.)

चार स्क्रू. झाकण.
आत केळीचा चीक.
सतरा जणांची टोळी, सतरा जणांचे विळे
हा माणूस पाजळून देतो,
चिकाच्या त्याच बोटांनी खटका धरतो.
चीक कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको,
सदरा विरतो, डाग विरत नाही.
त्यावर गोड्या तेलाचं पिवळं, राळेसारखं कवच,
त्यावर लोखंडाची धूळ,
जळक्या ऑइलनं मायेनं जवळ ओढलेली.

"धूळ लोखंडाची," मी म्हटलं,
"आणि वीज लोखंडावरून चालते."
"हं," तो म्हणाला.

क्लीनरच्या डब्यावर
प्लॅस्टिकला चालतो, असं बारीक अक्षरात आहे का
ते चष्मा लावून वाचलं.
मागच्या आठवड्यात वाचलं होतं. परत वाचलं.
फवारलं, ब्रशनं खरवडलं,
काळं पाणी वाहू दिलं, परत फवारलं.
"टाका आता तेल."
"आता चहा," म्हटलं.
वाफ उडून जाईपर्यंत इथे ठिणगी नको.

चहाबरोबर सांगितलं त्याला.
वंगण लागतं ते घासणाऱ्या कडेला,
काडीच्या टोकावर मावेल एवढंच.
डायइलेक्ट्रिक ग्रीस. नाव मोठं, दिसायला साय.
आणि जिथे पत्ती पत्तीला भेटते
तिथे काही नाही.
हे नाही, ते नाही, घरचं नाही, दुकानचं नाही.
तिथे नुसती भेट.

काडी तशीच राहिली हातात.
उजेडात धरलं तर खुंटीच्या मुळाशी
केसाएवढी रेघ.
नखानं दाबली,
उघडली, मिटली.
पेट्रोलनं झाली असेल, की तशीही होणारच होती,
मी बोलले नाही.
"हिला वंगण नाही," एवढं म्हटलं. "नवाच बसवावा लागेल."

कौतिक कपातल्या तळाकडे बघत होता.
"बुधवारी पोऱ्यानं हातातून सोडला," म्हणाला,
"त चालूच. ओट्यावर नाचू लागला, सापासारखा."
"मग?"
"मग काय. वायर उपटली म्या."
मी पोराचं वय विचारलं.
अकरावीत आहे.
"लागलं का?"
"नई, तसं काही नई," म्हणाला,
आणि स्वतःचाच अंगठा
दुसऱ्या मुठीत धरून बसला.

न दबणाऱ्या खटक्यासाठी माणसं लगेच येतात.
काम अडतं ना.

नवा बसवला. एकशे ऐंशी.
शंभर दिले, वरचे ऐंशी म्हणून
कच्च्या केळीच्या दोन फण्या सायकलवरून उतरवल्या.
वायर गळ्यातून काढून मी त्याच्या हातात दिली.
त्यानंच पिन लावली, त्यानंच दाबलं, सोडलं.
टक.
परत दाबलं, सोडलं. टक.
चार-पाच वेळा केलं,
मी थांबवलं नाही.

जुना खटका अजून टेबलावर आहे.
गिऱ्हाईक नसलं की सहज दाबते.
बोट उचलते.
तो खालीच.