पहिला थर

पॉलिटेक्निकात सर्नाईक सरांनी फळ्यावर सात खण काढले होते,
फडताळासारखे, एकावर एक.
वरच्या खणात माणसं, म्हणाले, तळाच्या खणात तार.
परीक्षेत मला पाचच आठवले.
आज दौलतगंजच्या खांबावर, मे महिना, सकाळचे अकरा,
मी तळाचा खण.
मोजायला मात्र खालूनच सुरुवात करतात.

माकडानं फायबर चावलीय.
साड्यांच्या दुकानातला पोरगा मान वर करून,
"भैया, कब तक?"

केसासारखी काच. आवरण सोलायचं, जेली पुसायची,
स्पिरिटचा बोळा, मग काप. काटकोनात,
नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून.
दोन टोकं यंत्रात समोरासमोर येतात, किंचित थरथरतात.
एक ठिणगी.
तोटा शून्य पूर्णांक शून्य दोन. चालेल.

यातून काय जातं मला कळत नाही,
कळू नये असाच नियम आहे.
वरून आलेलं पाकीट फोडायचं नाही,
आपल्या पाकिटात घालायचं, आपला पत्ता टाकायचा, खाली द्यायचं.
आणि बोलायचं फक्त आपल्या उंचीच्याशी:
कंपूतला चौथा नागपूरच्या चौथ्याशी,
तिसरा तिसऱ्याशी.
दोघांनाही वाटतं, आपण थेट बोलतोय.
खरं तर सगळं जिना उतरून माझ्याकडे येतं
आणि इथं आल्यावर ते बोलणं राहत नाही.
उजेड होतो. लागलेला, विझलेला.
तोही डोळ्यांना न दिसणारा.

चौथा मला विसरता आला नाही.
पोच मिळाली नाही तर तो तेच पुन्हा पाठवतो,
थोडं थांबून पुन्हा, जास्त थांबून पुन्हा,
मग नाद सोडतो.
आमचे अण्णा सोडत नाहीत.
थोरल्याला दर रविवारी तोच निरोप:
जिन्याचं लोखंड गंजलंय, येशील तेव्हा बघू.
तीन वर्षं झाली.
अण्णांचं घर इथून चौथ्या गल्लीत,
याच तारेवर.

नळी तापवून आकसली, पेटी बंद केली.
मीटरवर उणे एकोणीस.
खाली पोरग्याचा फोन एकदम दहा-बारा वेळा वाजला
आणि त्यानं मान खाली घातली.
आज रविवार आहे,
हे मला शिडी उतरताना आठवलं.