झाल्यास

तारामुंबरीच्या बर्फ कारखान्यात
एकतीस वर्षं वजनं लिहिली मी.
काट्यावर लादी पन्नास किलोची,
होडीपर्यंत पोचेस्तोवर बेचाळीस.
म्हणून निंबाळकरांच्या ऑफरमधला आकडा
मी आधी वाचलाच नाही.

शेवटच्या पानापासून सुरुवात केली.
कर्ज मंजूर झाल्यास.
भिंतींत ओल आढळल्यास.
(देवगडात ओल नाही कुठल्या भिंतीत?)
सातबाऱ्यावर आणखी कोणी निघाल्यास –
मस्कतचा भाऊ निघेल. त्याची सही आणायला हवी.
खरेदीदारास वाटल्यास इसार परत, पूर्ण.
आणि ताबा कधी, तिथे नुसती रेघ.

सावळाराम एजंट म्हणतो, काकू, अडुसष्ट लाख!
म्हटलं, सावळ्या, ही लादी आहे.
धक्क्यावर किती उरेल ते सांग.

दुसरा कागद कोयंडे मास्तरांच्या लेकीचा.
एकसष्ट.
इसार बँकेतून, ताबा गणपती गेल्यावर,
रोखीची भानगड नाही.
पण विहिरीचं एक वाक्य तिनेही घातलंय:
'सर्व हक्क खरेदीदाराचे.'

सकाळी साडेसहाला शेजारची जैबुन
त्याच विहिरीत कळशी सोडते.
माझं घड्याळ बंद पडलं तेव्हापासून
मी तिच्याच रहाटावर उठते.

लाल पेन काढलं. कारखान्याचं,
परत द्यायचं राहिलेलं.
समासात लिहिलं:
जैबुनची वाट अडवल्यास –

पुढचं सुचेना.
बाहेर सावळाराम
गाडी चालूच ठेवून उभा.