पान चार, ओळ अकरा

दिवाळी अंकाची प्रुफं. साखर पेठ, रात्रीचे साडेअकरा.
भिंतीपलीकडे चार माग चालू,
त्यांच्या ठोक्यांनी टेबलावरची पेन्सिल
सरकत सरकत कडेला येते.

कथा राजमल्लू गज्जम यांची. पहिलीच.
हस्तलिखिताला खळीचा वास.
पहिल्या पानावर नरसय्या आहे.
तो मागावर उभा राहतो, तुटला धागा सांधतो,
कांडी बदलतो, तंबाखू मळतो.
पान चार, ओळ अकरा:
नरसम्मा काउंटरवर आली.

टायपिंगची चूक, दुसरं काय.
'य्या'चा 'म्मा' झालेला.
लाल पेन्सिलीनं गोल केला.
पुढच्या ओळीत पुन्हा 'ती'.
ती हजार विड्या मोजून देते,
कारकून चाळीस बाद करतो, ती भांडत नाही,
कार्डावर शिक्का घेते,
आणि ओळ एकोणीसला कारखान्याच्या फाटकातून
बाहेर पडतो तो.

चप्पल तीच,
डावा अंगठा तारेनं बांधलेला.

मग मागे जाऊन पुन्हा वाचलं. कार्ड बायकोचं.
बायको श्रावणात वारलेली,
पान दोनवर, अर्ध्या वाक्यात,
दुधाच्या उधारीच्या आणि विजेच्या बिलाच्या मध्ये.
कार्ड चालू आहे.
रात्री मागाचा पगार नरसय्याचा,
दुपारी विडीची मजुरी नरसम्माची.
कारकून हाक मारतो तेव्हा 'ओ' येते.
कुणाच्या गळ्यातून, ते गज्जम लिहीत नाहीत.

फोन लावला. उचलल्याबरोबर पलीकडून,
'कोण बोलालंय?'
'प्रेसमधून. पान चारचं विचारायचं होतं.
तो, का ती?'
बराच वेळ नुसते माग ऐकू आले,
त्यांच्याकडचे की इकडचे, कळेना.
'आमच्या तेलुगूत,' ते म्हणाले,
'मी जातो, मी जाते, एकच असतंय.
मराठीत लिवायला बसलो,
तर पयल्याच ओळीला भाषा विचारालीय, बाई का बुवा?
ज्या टायमाला जे होतं ते सांगितलं.
करा की दुरुस्त, चूक असंल तर.
फक्त दोघांतलं कुठलं ठेवलं
तेवढं कळवा.'

कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे तास आठवले.
सगळ्यावर शंका घ्या,
शंका घेणारा तेवढा शिल्लक राहतो,
त्याच्यावर घर बांधा.
बांधलं. बारा मार्कांचं उत्तर होतं.
वर्गात कुणी विचारलं नाही, घेणारा की घेणारी.
आणि इथे, आपल्या बोलण्यात, शंका येते.
मला येते. क्रियापद तिचं,
येते ती, जाते ती,
मी म्हणजे नुसता पत्ता.

नंतरच्यांनी तर ते घरही उतरवलं.
कुणी म्हणालं, आत डोकावलं की थंडी सापडते, भूक सापडते,
ज्याला भूक लागते तो काही सापडत नाही.
कुणी म्हणालं, आधी हाक, मग माणूस.
त्या वाक्याखाली तेव्हा मी रेघ मारली होती, सरळ, पट्टी लावून.
हाक कशी असते ते ठाऊक नव्हतं:
पिंकांनी रंगलेली जाळी,
जाळीमागे अर्धा चेहरा,
रजिस्टरवरून सरकणारं बोट,
'नरसम्माऽ'
आणि रांगेत मिशीवाला माणूस
पाटी उचलून पुढे होतो.
पुढे होते.

रबरानं लाल जात नाही.
गोल होता तिथे गुलाबी डाग पडला,
त्यात 'म्मा' थोडा फिका.
शेजारी समासात लिहिलं:
आहे तसं ठेवा.

'जातो'ला विचारतात, 'जाते'ला विचारतात.
'आहे'ला कुणी काही विचारत नाही.

माग थांबले. वीज गेली असावी गल्लीतली,
इथला दिवा मात्र चालू.
पानाच्या तळाशी, नेहमीच्या जागी,
छापलेलं: तपासणारा,
पुढे ठिपक्यांची रेघ.
वीस वर्षं त्या रेघेवर सही केली.
आज तिच्या आधीचा शब्द
पहिल्यांदा वाचला.