स्वतःच्या दाराचं कुलूप

वाल्पाराइसो, जानेवारी, मंगळवार.
तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पंखा आहे,
पण कागद उडतात म्हणून बंद.
मी लघुलेखक. बोललेलं लिहायचं, एवढंच माझं काम.
कोण कसं बसलं, कुणी पाणी मागितलं आणि प्यायलंच नाही,
हे लिहायचं नसतं.

विधेयकाचं नाव चार ओळींचं.
त्यात गुन्हा आहे, पीडित आहे, साहाय्य आहे,
आणि 'वाजवी' हा शब्द एकवीस वेळा.

साक्षीला आल्या एदुविहिस कात्रिलेओ,
वय एकोणसाठ, धंदा किल्ल्या बनवून देण्याचा.
उजवा हात पिशवीत घालून बसल्या.
(हे मी लिहिलं नाही.)
आधी नाव सांगितलं, मग ती रात्र.
कुठे थांबायचं हे त्यांना पाठ होतं,
जिन्यातली मोडकी पायरी
घरच्या माणसाला अंधारातही पाठ असते तसं.

"हे मी नवव्यांदा सांगतेय," त्या म्हणाल्या.
"पोलिसाला. दुसऱ्या पोलिसाला, कारण पहिल्याची बदली झाली.
डॉक्टरला, टाके पडत असताना.
खिडकीतल्या पोरीला, तेव्हा मागची रांगही ऐकत होती.
बाकीचे मोजून दाखवत नाही.
आज सांगितलं ते एवढ्यासाठी,
की पुढच्या बाईला एकदाच सांगावं लागावं.
तसं कुठे लिहिलंय का यात?
मी शोधलं. चष्मा लावून शोधलं."

खासदार ओयारसून यांनी पानं उलटली.
म्हणाले, सूचना मोलाची आहे.
मग म्हणाले, कलम नऊ पाहा, फार चांगलं कलम आहे,
कुलूप बदलण्याचा खर्च सरकार देईल,
पावती जोडल्यास.

तेव्हा त्या हसल्या.
हसण्यासाठी आमच्याकडे कंस ठरलेला आहे: (हशा).
मी तोच घातला,
खोलीत दुसरं कुणी हसलं नव्हतं तरी.

"साहेब, ते कुलूप मीच बदललं.
दवाखान्यातून आले त्याच रात्री, डाव्या हाताने.
स्क्रू तोंडात धरले, एक गिळता गिळता राहिला.
पहाटेचे तीन वाजले.
आता ही पावती मी कुणाच्या नावाने फाडू?"

अर्थखात्याचा प्रतिनिधी, पोरगेलासा, टाय सैल केलेला,
म्हणाला की स्वतःने स्वतःचं केलेलं काम
खर्चात धरता येत नाही.
ते मी शब्दशः लिहिलं.

बोटांचा तक्ता परिशिष्टात आहे.
अंगठा महाग, करंगळी स्वस्त.
तुटलं तर आकडा आहे.
नुसतं वळेनासं झालं तर आकड्याच्या जागी टिंबं,
आणि खाली बारीक अक्षरात: नंतर ठरवण्यात येईल.
जखम भरली म्हणून एक फाइल बंद झाली होती,
अर्ज तेवढा परत भरायचा होता.

बाराला बैठक संपली.
फेब्रुवारीत सगळ्यांना सुट्टी.
उरलेली कलमं मार्चमध्ये.

शनिवारी मी टेकडी चढून गेले.
किल्लीची गरज नव्हती खरं तर, दोन आहेत माझ्याकडे.
दुकान म्हणजे एक खिडकी,
तिच्यावर दात न पाडलेल्या किल्ल्यांची माळ,
समुद्रावरून वारा आला की खुळखुळणारी.
त्यांनी मला ओळखलं नाही.
किंवा ओळखलं, आणि दाखवलं नाही.

डाव्या हाताने किल्ली पकडीत बसवली,
उजव्या कोपराने दाबली. यंत्र किंचाळलं.
मग कानशीने दोनदा घासली, फुंकर मारली, उजेडात धरली.
"सुरुवातीला अडकेल," म्हणाल्या.
"जोर करू नका. जराशी वर उचलून फिरवा."

मी पैसे दिले आणि निघाले.
"थांबा."
पुस्तक काढलं, माझं नाव विचारलं,
पहिलीतल्या मुलासारखी
रेघ सोडून चालणारी अक्षरं काढत तारीख घातली,
कामाचा तपशील या रकान्यात लिहिलं: किल्ली, एक.
सही करायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.
"जपून ठेवा. कधी कोण मागेल, सांगता येत नाही."

पावतीपुस्तक कोरं करकरीत होतं.
माझी सोळावी.