कातर

बत्तीसशे धागे.
तेव्हा मोजले नव्हते. नंतर मोजले,
म्हणजे निंगव्वानं मोजले, एकेक सांधताना.

वडगावात, विहिरीमागच्या बोळात, रात्रीचे पावणेअकरा.
हेस्कॉमनं तिसऱ्यांदा लाईट नेलेली
आणि चारी माग असे एकदम गप्प
की शेजारघरचं भांडी घासणं ऐकू येत होतं.
त्या शांततेत भैरू, माझा धाकटा, बोलला,
"तुझ्याच्यानं काय एक नीट होत नाही बघ, दादा."

सहजच. बिडी विझवता विझवता.
गेली सात वर्षं ऐकतोय मी ते वाक्य
उलटं करून, सुलटं करून,
त्यात विष सापडत नाही.

पण हात.
हात माझ्या आधी उठला.
मी अजून "काय म्हणालास बे?" एवढंच जुळवत होतो
आणि त्यानं खुंटीवरची कातर काढलीसुद्धा,
या काठापासून त्या काठापर्यंत
तीन-चार चावे.
ताणलेलं सुटतं तेव्हा आधी उसासा टाकतं,
हे अंधारात कळलं.

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.
हे कुणी सांगत नाही. सगळे पश्चात्तापापासून सुरू करतात.
त्याच्या आधी एक क्षण असतो
ऊन कुंद्याचा पहिला घास असावा तसा,
जीभ पोळते हे नंतर समजतं.

मग लाईट आली.
बटणं चालूच होती.
बाकीचे तीन माग धडधडायला लागले
आणि माझ्या मागावर धागे लोंबत होते
न्हालेल्या केसांसारखे.

भैरू तरी कुणाचा भाऊ!
त्यानं बायकोला उठवलं, पोराला चादरीत गुंडाळलं,
निपाणीवरून जाणारी इचलकरंजीची शेवटची गाडी गाठली.
घाईत पोराची एक चप्पल राहिली.
निळी. सहा नंबरची.

दुसऱ्या दिवशी निंगव्वा आली, वाटीत राख घेऊन.
चिमटीला राख, दोन टोकं, एक पीळ, गाठ.
चिमटीला राख, दोन टोकं.
कातरीला घटका लागली नाही, तिला अडीच दिवस.
मधे चहा पिताना तिनं विचारलं,
"सिट्टिन्याग कोय्द मूगु, सिट्ट इळद म्याल बर्तैतेनो?"
रागात कापलेलं नाक, राग उतरल्यावर येतं का परत?
म्हटलं, नाकाचं जाऊ दे, धागे तरी सांधतेस की तू.
ती हसली नाही.
"धाग्याची दोन्ही टोकं हितंच असत्यात रे," म्हणाली.

या हाताला शिव्या देऊन झाल्या.
उद्यमबागेतली फौंड्री यानंच सोडली, गेटवरच,
सुपरवायझरनं नावाऐवजी शिट्टी मारली म्हणून.
पण खासबागच्या रविवारच्या बाजारात
मिरच्या निवडणाऱ्या एका अनोळखी मुलीपुढं
जाऊन उभा राहिला तोही हाच.
विचार केला असता तर मालू दुसऱ्या कुणाची झाली असती.
तेव्हा तोडून टाकावा म्हटलं तरी
कुठून तोडायचा?

गाठींचा भाग विणून बाहेर आला,
वीतभर खरखरीत पट्टा. शेटनं तो घेतला नाही.
मालू त्यानं चुलीवरचं पातेलं उतरवते.
रोज सकाळी बत्तीसशे गाठी
तिच्या दोन तळव्यांत, भाजू नये म्हणून.

फोनमध्ये भैरूचा नंबर आहे.
चप्पल कपाटावर आहे. पोरगं आता बारा वर्षांचं असेल.
ज्याला कधी कुठं थांबता आलं नाही
तो हा अंगठा
हिरव्या बटणावर येऊन
सात वर्षं विचार करूलाय.