टिटवी

अचलपूरच्या रज्जाक बँडवाल्यानं
साडेअकरा हजारांत दिली, वर एक जुना लगाम.
"वरातीच्या कामाची नाही भाऊ,
ऐन मांडवाच्या दारात जनरेटर सुरू झाला
न् फेटा एकीकडे, नवरदेव एकीकडे."
तीन वर्षांची. रंग तुरीच्या फोलपटाचा.
डावा कान पिळून पिळून धरलेला;
हात वर गेला की डोळ्याचं पांढरं दिसायचं.

पहिल्या रात्री ती निजली नाही.
मीही नाही.
टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात,
आभाळ पडलंच तर झेलायला.
सकाळी तेच नाव ठेवलं.
बायको म्हणाली, "घ्या,
एक भेदरट होताच घरात, आता दोन झाले."

तिला माहीत आहे.
पाच वर्षांमागं मोहाखाली
अस्वलानं माझा अर्धा कान नेला,
तेव्हापासून वनमजुरीची ती सगळी वाट
मी फक्त अंथरुणात चालतो.

महिनाभर काहीच केलं नाही.
कुटाराच्या ढिगाशी तिच्याकडे पाठ करून बसायचं,
उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलायच्या,
सालपटं मागं टाकायची.
एक दिवस सालपटांसाठी आली
न् मांडीवरच्या शेंगा घेऊन गेली.
मानेवरून फिरलेला श्वास
दिवसभर तिथंच होता.

मग पोतं, पोत्यावर गोधडी, गोधडीवर मी.
ती कशाकशाला बुजायची!
झटका मशीनच्या टिकटिकीला,
बोरीत अडकलेल्या पन्नीला,
स्वतःच्याच शेपटीला एकदा.
बुजगावण्याच्या मडक्यावर कोतवाल बसून
आमच्याकडे बघत राहायचा.
पाखरं कधीच सोडून गेली होती त्याला भिणं,
तो सदरा आता फक्त हिच्यासाठी उभा.

आणि हरण्यांच्या वावराचं कुंपण.
डुकरं येऊ नयेत म्हणून चारी धुऱ्यांवर जुन्या साड्या,
वारा आला की सगळ्या बाया एकदम उठल्यासारख्या.
टिटवी चारी पायांवर जागीच थरथरली.
मी उतरलो. एकेकीला हात लावून सांगितलं,
ही सुलोचनाबाईची, पोरीच्या बारशातली.
ही मथुरेची, हिच्यावर आंब्याचा डाग.
ही कोणाची माहीत नाही, विरलेली आहे,
काही करत नाही, बाप्पा, ये, पाह्य.
ती आली. हुंगलं. ओठ वर करून विचार केला.
मग मथुरेचा पदर दातात धरला
न् सहा वार ओढत अशी सुटली नाल्याकडे,
मी मागं, हरणेंची शिवी त्याच्याही मागं.
संध्याकाळी बायकोनं आपली हिरवी दिली कुंपणाला,
माझ्याशी बोलली नाही.

फाल्गुन संपत आला तेव्हा जंगलाची वाट धरली.
नाल्यात पाणी घोट्याएवढं.
टिटवी काठावर थांबली.
मी टाच दिली, थांबली.
चुचकारलं, थांबली.
पाण्याला भिते, म्हटलं, वेडी.
मग खाली बघितलं:
माझ्या दोन्ही मुठी छातीशी होत्या,
लगाम ताठ. ओढून मीच धरला होता.
पलीकडे मोह दिसत होता.

बोटं एकेक करून सोडली.
ती चालली, जणू मघापासून याचीच वाट पाहत होती.
पाणी उडालं, पोटऱ्या भिजल्या,
आणि सरळ त्याच झाडाखाली जाऊन
मान टाकून फुलं वेचायला लागली,
फुर्र करीत, डोळे अर्धे मिटून.
वर बसलेला मी,
गोधडी घामानं मांड्यांना चिकटलेली,
उतरावं की नाही ते ठरवत होतो.

एवढ्यात सागाचं एक वाळकं पान पडलं,
पापड मोडल्यासारखा आवाज.
दोघंही दचकलो.
तिनं कान टवकारले, डावाही,
आणि परत फुलांना लागली.
मला जरा जास्त वेळ लागला.