हजार मिलिग्रॅम

तिस्कावरच्या दुकानाचं शटर मी नवाला वर करते
तेव्हा फातर्पेकर मास्तर आधीच पायरीवर.
"ती नारिंगी गोळी दी गो, उदकांत फसफसता ती."
नातीला सर्दी, रविवारी घुमटांची स्पर्धा.
मी देते, वर खरंही सांगते:
सात दिवसांची सर्दी फार तर साडेसहाची होईल, मास्तर,
तीही आधीपासून रोज घेत असेल तर.
"अर्दो दीस?" ते बोटांवर मोजतात.
"अर्दो दीस म्हळ्यार उणो न्हय,"
आणि सुटे पैसे काचेवर ठेवतात.

मग मिलन, फिकट, लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन.
चहाबरोबर नको घेऊस, बाये,
पेलाभर पाण्यात लिंबू पिळ, त्याच्याबरोबर गीळ.
लोखंड एकटं आलं तर दारातच घुटमळतं,
कुणीतरी आंबट लागतं हात धरून आत न्यायला.
कॉलेजात असं कुणी शिकवलं नव्हतं.
तिथं आलेख होता,
भराभर चढून मग आडवी पडणारी एक रेषा.

ती मात्र डोक्यात राहिली.
दोनशे दिलं तर शरीर जवळजवळ सगळं घेतं,
हजार दिलं तर अर्धं, कसंबसं.
आतड्याच्या भिंतीला दारं मोजकी;
उरलेलं वाट बघून पुढं निघून जातं.
आत आलेल्यातलंही जास्तीचं
मूत्रपिंड संध्याकाळपर्यंत फाटकापाशी पोचवून येतं,
न चिडता.
साठा म्हणाल तर दोन-तीन महिन्यांचा,
तोही झिरपणारा.

सगुण जहाजावर असतो, वर्षातले नऊ महिने.
येताना बॅगेत दोन मोठ्या बाटल्या,
मायामीच्या कुठल्याशा दुकानातल्या,
पाचशे गोळ्या, एकेक हजाराची.
"बायल फार्मसींत आनी घोव तिका व्हिटॅमिनां हाडटा!"
एस्पेरान्सा हसून हसून खुर्चीतून खाली यायची बाकी.
मी बाटल्या कपाटात ठेवते.
पहिलीची मुदत गेल्या मे महिन्यात संपली,
गोळ्यांवर तपकिरी ठिपके आलेत.

तो स्वतःही तसाच येतो, मोठ्या मात्रेत.
पहिल्या आठवड्यात पंखा दुरुस्त, टाकी साफ,
पणजीला सिनेमा,
आणि रात्री दोनपर्यंत बोलणं:
इंजिनरूम, फिलिपिनो कुक, नॉर्वेचे डोंगर
आणि डोंगरांत न मावळणारा सूर्य.
मी हूं हूं करते.
त्याला वाटतं, झोप आली.

जुन्या गलबतांवर ताजं फळ संपलं की
हिरड्यांतून रक्त यायचं,
आणि मग वीस वर्षांपूर्वी भरलेली जखमही उसवायची.
व्रण एकदा शिवून होत नाही म्हणे,
शरीर तो आत रोज विणत बसतं;
सूत संपलं की कळतं.
हे वाचलं त्या रात्री मला
आमचं चवथीतलं भांडण आठवलं.
तेरा वर्षं झाली.
दर खेपेला सातव्या महिन्यात ते ओलं होतं.

आता एप्रिल. बेतोड्याच्या डोंगरावर
काजूची बोंडं पडून आंबलीत, वास दुकानापर्यंत येतो.
संत्र्याच्या कितीतरी पट असतं त्यांत,
आणि आम्ही भट्टीवर चढवून
नेमकं तेवढंच घालवतो, बाकीचं पितो.
असो. हुर्राक मलाही आवडतो.

काल फोन आला.
म्हणाला, कार्ड संपत आलंय, रविवारी तासभर बोलू.
मी म्हटलं, तासभर नको.
रोज पाच मिनिटं, जेवणानंतर.
"रोज काय बोलायचं?"
जेवलास काय ते सांग.
बराच वेळ नुसती घरघर, इंजिनाची की लाइनची.
मग म्हणाला, "भात. कसलं तरी मासं. आणि एक संत्रं."
सोललंस कसं, मी विचारलं,
सुरीनं की नखांनी?